कुत्रा चावल्याची भरपाई: इंदूरमध्ये दावा नेमका कुठे लावायचा?

मदत हवी आहे. रामबागेत माझ्या भाच्याला (वय ६) भटका कुत्रा गालाला आणि दंडाला चावला. गालावर सात टाके पडलेत. जखम श्रेणी ३ ची (सर्वांत गंभीर), म्हणून रेबीजविरोधी सीरम त्याच दिवशी दिलं आणि लसीचे डोसही वेळेवर चालू आहेत. उपचारांबद्दल सल्ला नको. (हळद-तिखट सुचवणारे दोघं घरातच आहेत!)

कुत्रा पाळीव नाही, त्यामुळे मालकावर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (प्राण्याबाबत निष्काळजीपणा) लावायचा प्रश्नच येत नाही. हेल्पलाइनवर तक्रार केली, तर ‘कानाला खाच आहे, नसबंदी झालेली आहे’ एवढं लिहून बंद केली. बिलं, केसपेपर, पहिल्या रात्रीचे फोटो जपून ठेवलेत. लहान मुलांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो अर्ज सोमवारी देणार.

पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये ठरवले, पण ते तिकडचं. वकिलाला भेटण्याआधी एवढंच हवंय: इथे निगमावर (महानगरपालिकेवर) दिवाणी दावा लावावा की थेट उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका? आणि गालाच्या प्लास्टिक सर्जरीचा पुढचा खर्च आत्ताच मागता येतो का?