'नॉन-कोडिंग आरएनए'ला मराठीत काय म्हणावे?

लेखणीघासू

बारावीच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका लिहितोय. विषय २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल, म्हणजे व्हिक्टर अँब्रोस, गॅरी रुव्हकून आणि मायक्रोआरएनए. पहिल्याच पानावर घोडे अडले. 'नॉन-कोडिंग'ला मी 'असांकेतिक' लिहिले. पुतणीला वाचून दाखवले, तर ती म्हणते, "काका, म्हणजे ज्यात काही संकेतच नाही असा ना? मग तो पेशीत करतो काय?" गप्प बसलो. दुसरा शब्द सुचवा. आणि 'रेग्युलेशन' म्हणजे नियमन की नियंत्रण? 'जंक डीएनए'ला, म्हणजे डीएनएच्या निरुपयोगी मानलेल्या भागाला, वृत्तपत्रे 'कचरा' म्हणतात, ते चालेल का?

पेशीपाल

पुतणीचे बरोबर आहे. आरएनए म्हणजे पेशीने डीएनएच्या एखाद्या भागाची काढलेली नक्कल. मूळ शब्दातला 'कोड' म्हणजे लिपी. आरएनएची तीन अक्षरे मिळून एक अमिनो आम्ल, अशा आम्लांची माळ म्हणजे प्रथिन. या लिपीत ज्याचे वाचन होऊन प्रथिन बनत नाही, तो नॉन-कोडिंग. मराठीत मात्र 'संकेत' म्हटले की आधी इशारा आठवतो. (संकेतस्थळ म्हणजे पूर्वी प्रेमिकांनी भेटायची ठरवलेली जागा. आता तिथे विजेचे बिल भरतात.) गंमत म्हणजे यांतले बरेच आरएनए इशारे देण्याचेच काम करतात, त्यामुळे 'असांकेतिक'ने अर्थ उलटा होतो.

तुमच्याच नोबेलचे उदाहरण घ्या. मिलिमीटरभर लांबीचा एक सूत्रकृमी. त्याचे लिन-४ हे जनुक बिघडले, की कृमी अंगाने वाढतो, पण त्याच्या पेशी अळीच्या पहिल्या अवस्थेतलेच धडे पुन्हा पुन्हा गिरवत बसतात. सगळे लिन-४ चे प्रथिन शोधत होते. १९९३ साली कळले की प्रथिन नाहीच! जनुकातून निघतो तो जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए, म्हणजेच मायक्रोआरएनए. लिन-१४ नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या नकलेला) तो शेपटाकडे, जुळणाऱ्या अक्षरांवर चिकटतो आणि त्या संदेशावरून प्रथिन बनणे रोखतो. लिन-१४ चे प्रथिन वेळेवर कमी झाले, तरच अळी पुढच्या इयत्तेत जाते.

व्याकरणवेडा

मग 'प्रथिनेतर आरएनए'? सुटसुटीत आहे.

पेशीपाल

आरएनए कुठलाही असो, तो प्रथिनाहून इतरच असतो! 'अभाषांतरित'ही नको. शाळेच्या पुस्तकांत 'ट्रान्स्लेशन'ला भाषांतरण म्हणतात, म्हणून मोह होतो, पण संदेशवाहक आरएनएच्या दोन्ही टोकांना जो न वाचला जाणारा भाग असतो, त्याच्यासाठी तो शब्द राखून ठेवावा लागतो. लिन-४ चिकटतो तो नेमका तिथेच. 'नियामक आरएनए' छान आहे, पण तो पूर्ण पर्याय नाही. रायबोसोममधला (पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्यातला) आरएनए किंवा अमिनो आम्ले वाहून आणणारा आरएनए यांच्यावरूनही प्रथिन बनत नाही, आणि ते नियामक नव्हेत, कारखान्यातले कामगार आहेत.

माळ्यावरची

मी जीवशास्त्राची नाही, पण 'कचरा'वर बोलते. आपल्याकडे कचरा आणि अडगळ वेगळे. कचरा घंटागाडीत जातो. अडगळ माळ्यावर जाते, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून.

पेशीपाल

ताई, हाच भेद सिडनी ब्रेनर यांनी इंग्रजीत केला होता: फेकतो तो 'गार्बेज', ठेवतो तो 'जंक'. याच सूत्रकृमीला प्रयोगशाळेत मानाचे पान देणारे ते ब्रेनर. सुसुमू ओहनो यांनी १९७२ मध्ये रूढ केलेल्या 'जंक'ला म्हणूनच 'अडगळ' हाच शब्द. माणसाच्या डीएनएत प्रथिनांची लिपी असलेला भाग जेमतेम दीड-दोन टक्के. पण बाकी सगळी अडगळ आता सोने निघाली, असेही लिहू नका. पेशी डीएनएच्या पुष्कळ भागाची आरएनएत नक्कल करते, म्हणून प्रत्येक नक्कल कामाची ठरत नाही.

नियमन-नियंत्रणाचे म्हणाल, तर पंख्याचा रेग्युलेटर आठवा. बहुतेक मायक्रोआरएनए पंखा बंद करत नाहीत, पाचावरून तीनवर आणतात. ते नियमन. एक्सिस्ट नावाचा लांबलचक आरएनए मात्र सरळ बटण दाबतो. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नराच्या एकच. त्यांतल्या एकातून हा निघतो आणि त्याच गुणसूत्राला वेढून ते जवळपास पूर्ण बंद पाडतो. कुठले बंद पडणार, हे गर्भात फार लवकर आणि पेशीगणिक नशिबाने ठरते. मांजराचा रंग केशरी की काळा, हे ठरवणारे जनुक एक्सवरच असते. म्हणून एका एक्सवर केशरी आणि दुसऱ्यावर काळा असलेल्या मादीच्या अंगावर दोन्ही रंगांचे ठिगळ दिसतात.

माळ्यावरची

म्हणून तिरंगी बोका दिसत नाही होय! आमच्या वाड्यातल्या तिन्ही तिरंगी मांजरी माद्याच.

पेशीपाल

क्वचित दिसतो, जादा एक्स घेऊन जन्मला तर. पांढरा रंग मात्र वेगळ्या जनुकाचा.

लेखणीघासू

आणि 'जीन सायलेन्सिंग'? मी 'जनुक मूक करणे' लिहिलेय.

माळ्यावरची

मूक जन्मतः असू शकतो. गप्प कुणीतरी बसवावे लागते.

पेशीपाल

'गप्प करणे'ला माझे मत. १९९० मध्ये पेटुनियाची फुले आणखी गडद जांभळी व्हावीत म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर कित्येक फुले पांढरी आली. फुलाचे स्वतःचे जनुकही गप्प झाले होते. यामागे दुपदरी आरएनए असतो, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली याच कृमीत दाखवले, २००६ चे नोबेल त्याचेच. या तत्त्वावरचे पहिले औषध, पॅटिसिरान, २०१८ मध्ये आले. ते दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते. डोस चुकला की जनुकाचा निरोप पुन्हा पोचू लागतो. 'मूक'मध्ये हे येत नाही.

व्याकरणवेडा

एक राहिले. तो आरएनए की ते आरएनए? अम्ल धरले तर नपुंसकलिंगी, रेणू धरला तर पुल्लिंगी. काहीही चालेल, पण एकाच पानावर दोन्ही नकोत.

लेखणीघासू

आभार, मंडळी. वाक्य असे केले: "ज्यावरून प्रथिन बनत नाही असा हा २२ अक्षरांचा आरएनए दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि त्याला गप्प करतो." पुढे सगळीकडे नुसते 'मायक्रोआरएनए'. पुतणी विचारते, "त्याला म्हणजे कुणाला, संदेशाला की जनुकाला?"

पेशीपाल

संदेशाला. जनुक बोलतच असते, निरोप पोचत नाही. पुतणीलाच लिहायला बसवा.