एक ‘राष्ट्रवाद’ आणि तीन जपानी शब्द

प्रश्न : जपानच्या इतिहासावरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘कोक्काशुगी’, ‘कोकुमिनशुगी’ आणि ‘मिन्झोकुशुगी’ हे तीन शब्द एकाच परिच्छेदात आले. तिन्हींसाठी ‘राष्ट्रवाद’ लिहिले तर चालेल काय?

उत्तर : चालणार नाही, कारण लेखकाने केलेला भेदच त्यामुळे पुसला जाईल. ‘शुगी’ म्हणजे वाद. फरक आहे तो त्याआधीच्या पदांत. ‘कोक्का’ म्हणजे राज्यसंस्था. हा शब्द ‘देश’ आणि ‘घर’ या दोन चित्राक्षरांचा बनलेला आहे, आणि सम्राट हा कुटुंबप्रमुख व प्रजा ही त्याची लेकरे, अशी जी शिकवण १९४५ पूर्वी शाळांतून दिली जात असे, तिला ही अक्षरजोडी सोयीचीच होती. तेथे मी ‘राज्यनिष्ठावाद’ लिहीन. ‘कोकुमिन’ म्हणजे देशाचे नागरिक, तर ‘मिन्झोकु’ म्हणजे वंश, भाषा व संस्कृती यांनी बांधलेला समाज. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचे आइनू लोक कोकुमिन आहेतच, परंतु ते वेगळे मिन्झोकु आहेत. जपानी संसदेने त्यांना मूलनिवासी मानण्याचा ठराव केला तो थेट २००८ मध्ये. ‘जपानी राष्ट्र’ असे मोघम लिहिले, की नेमका हाच पेच झाकला जातो.

थोडे विषयांतर करतो. देशाला जपानीत ‘कुनि’ म्हणतात. पण दोन जपानी माणसांपैकी एकाने दुसऱ्याला ‘ओकुनि वा दोचिरा देसुका?’ असे विचारले, तर उत्तर ‘कागोशिमा’ असे, म्हणजे जपानमधल्याच एका भागाचे नाव, येऊ शकते, कारण जुन्या काळी ‘कुनि’ म्हणजे प्रांत. कोकणातला माणूस ‘देशावर’ जातो तेव्हा तोही भारताबाहेर जात नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. भाषेच्या नावातही अशीच गंमत आहे. जपानी मुले शाळेत ‘कोकुगो’, म्हणजे ‘देशाची भाषा’ शिकतात. परदेशी विद्यार्थी तीच भाषा ‘निहोंगो’, म्हणजे ‘जपानी भाषा’, म्हणून शिकतो. त्या भाषेच्या अभ्यासकांच्या संस्थेने मात्र २००४ मध्ये आपल्या नावातील ‘कोकुगो’ काढून ‘निहोंगो’ घातले.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पुढच्याच पानावर ‘नाशोनारिझुमु’ हा शब्दही आहे. त्याचे काय करावे?

उत्तर : तीनपैकी एकाची निवड टाळायची असते, तेव्हा जपानी लेखक इंग्रजी ‘नॅशनॅलिझम’वरून घेतलेला हा उसना शब्द, परकीय शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या काताकाना लिपीत लिहितात. आपला ‘राष्ट्रवाद’ त्याच्यासाठी राखून ठेवावा.