टोर्टोला, रोड टाउन: मूरिंग बॉल की नांगर?

नमस्कार मंडळी,
मार्चमध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांतल्या रोड टाउनहून 42 फुटी कॅटमरान (दोन बुडांची शिडाची बोट) भाड्याने, सात दिवस, कॅप्टनशिवाय. पहिला मुक्काम कुठे करावा? आणि रात्री मूरिंग बॉल (तळाशी पक्का बांधलेला तरंगता बोया) बरा की नांगर?

---

किराणा चढवून, कंपनीचं ब्रीफिंग आटपेपर्यंत दुपार होतेच. त्यामुळे पहिल्याच दिवशी व्हर्जिन गोर्डाचा हट्ट नको. ती पूर्वेला, वाऱ्याच्या थेट तोंडावर. ड्रेक चॅनल ओलांडून नॉर्मन बेटाच्या ‘द बाइट’ खाडीत जा, पाच-सहा सागरी मैल. उशीर केला तर बॉल उरत नाहीत. तीनच्या आत पोचा.

नॅशनल पार्क्स ट्रस्टचे बॉल फक्त दिवसा वापरायचे, परवाना काढून. लाल पोहणाऱ्यांसाठी, पांढरा खासगी डायव्हिंगसाठी (90 मिनिटं), पिवळा डाइव्ह कंपन्यांचा, निळा डिंगीचा (बोटीमागे बांधलेली छोटी होडी). रात्रीचे पैसे भरून घ्यायचे बॉल वेगळे, तेव्हा बॉलवर लिहिलेलं वाचूनच दोर लावा.

---

बॉल सापडला तरी काम संपत नाही. आधी मागची डिंगी आखूड बांधा, नाहीतर रिव्हर्स घेताना तिचा दोर पंख्यात गेलाच म्हणून समजा. वाऱ्याकडे तोंड करून अगदी सावकाश या. नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) माणसाने बोटहुकने बॉलच्या दोराचा फास उचलायचा. आपला डावा दोर डाव्या क्लीटवरून (दोर अडकवायचा खुंट) फासातून परत डाव्याच क्लीटवर, उजवा तसाच उजव्यावर.

---

एकच दोर डावीकडून उजवीकडे घातला तर काय बिघडतं? सोडायला सोपा पडतो.

---

सोपा खरा, पण बोट रात्रभर डोलते आणि तो फासातून करवतीसारखा पुढे-मागे घासत राहतो. त्याने आपला दोरही झिजतो, फासही. दोन वेगळे दोर जागच्या जागी राहतात. बांधून झालं की हलका रिव्हर्स देऊन बघा, मग मास्क लावून खाली बुडी मारा: साखळी, शॅकल (जोडणारी लोखंडी कडी) धड आहेत ना. नांगरच टाकायचा तर वाळूत, प्रवाळावर कधीच नाही. पाण्याची खोली अधिक नाळेची उंची, त्याच्या निदान पाचपट साखळी सोडा. मुंबईसारखी भरती-ओहोटीची आकडेमोड मात्र करायला नको, इथे फरक जेमतेम फूटभर.

---

एक राहिलं. अमेरिकेत एच-1बीवर (नोकरीच्या व्हिसावर) राहणाऱ्यांनी पासपोर्टमधल्या व्हिसाची तारीख आधी बघा. मुदत संपलेली असेल तर नुसत्या 797 च्या (एच-1बी मंजुरीच्या) कागदावर अमेरिकेत परत घेत नाहीत. ती सवलत कॅनडा-मेक्सिकोपुरती. शेजारच्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या सेंट थॉमस बेटाच्या फेरीबोटीने परतलात तरी तोच नियम.