पोरं कोणाला मानतात, आणि पुढचं किती लांबचं बघतात? अनुभव लिहा

१३ ते १८ वयाच्या मुलामुलींशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांच्यासाठी हा धागा. शाळा, वसतिगृह, आयटीआय, मैदान, अभ्यासिका, कुठलेही असा. 'आजकालची पिढी' यावर दळण नको. हे प्रश्न मुलांना विचारायचे कसे, आलेलं उत्तर मनातलं की पाठ केलेलं हे ओळखायचं कसं आणि गाडी कुठे अडते, तेवढं लिहा. स्वतःच्या दहावीच्या आठवणी इथे नकोत.

खडूफळा (नववी-दहावी, मराठी)

'तुमचा आदर्श कोण?' असं विचारूच नका. 'माझा आदर्श' हा निबंधाचा विषय आहे, त्यामुळे मुलं निबंधच लिहून देतात. शिवाय उत्तर कॅलेंडरप्रमाणे बदलतं. ३ जानेवारीच्या आसपास सावित्रीबाई, १९ फेब्रुवारीला महाराज, १४ एप्रिलला बाबासाहेब, १५ ऑक्टोबरला कलाम. खोटं कुणी लिहीत नाही, पण लिहिणाऱ्या पोराबद्दल त्यातून काही हाती लागत नाही. 'आदर' हा पुस्तकातला शब्द. मधल्या सुट्टीत ऐका, पोरं म्हणतात, 'मी त्याला मानतो.' तोच शब्द घ्यायचा.

फुलस्केपचे चार तुकडे करायचे, एकेकाला एक. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. तीन रकाने: आवडतं माणूस, मानतो ते, घाबरतो ते. प्रत्येकात जास्तीत जास्त दोन नावं. 'मानतो'खाली एक जादा ओळ: या माणसानं केलेलं कोणतं काम तू स्वतः पाहिलंस? सगळी मेख या ओळीत आहे. क्रिकेटपटू आणि इन्स्टावाले इथे गळतात, त्यांची रवानगी पोरं आपणहून 'आवडतं'मध्ये करतात. उरतो तो गल्लीतला मोबाइल दुरुस्त करणारा, चुलतभाऊ, रात्रपाळी करून आल्यावर म्हैस धुणारा काका.

वेळ १० मिनिटं. जास्त दिली की शेजारच्या चिठ्ठीत डोकावणं सुरू. आपण बाकांमधून फिरायचं नाही. गोळा करायला मॉनिटर नको, दाराशी पुठ्ठ्याचा खोका ठेवायचा. पहिल्या खेपेला थट्टेच्या चिठ्ठ्या भरपूर येतात. चिडायचं नाही, १५ दिवसांनी पुन्हा द्यायची.

वडील बहुधा 'मानतो' आणि 'घाबरतो' दोन्हीकडे सापडतात. आई पुष्कळदा कुठेच नसते. मग 'काम पाहिलंस का' ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवली की तीन-चार हात वर येतात: बाई, चिठ्ठी परत मिळेल का?

शाईपेन (माध्यमिक, गणित)

वरच्या पद्धतीत एक भोक आहे. सहामाहीचे गठ्ठे तपासणाऱ्या बाईंना नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतंच, आणि पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. आपल्या वर्गाचा खोका आपण उघडायचा नाही. दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांशी अदलाबदल करा किंवा ग्रंथपालांना द्या. हे मुलांना चिठ्ठ्या वाटायच्या आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही.

पाच-दहा (भरतीचं मैदान, सातारा-सांगली भाग)

इथल्या पोरांचं भविष्य सेकंदात मोजलेलं असतं. पोलीस शिपाई भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर २० पैकी २०. शिवाय १०० मीटर १५ गुणांना, गोळा १५ गुणांना. मैदान एकूण ५० गुणांचं, लेखी १०० गुणांची. 'पाच वर्षांनी काय?' असं विचारलं की सगळे खाली बघतात. 'पुढच्या भरतीला किती मारशील?' म्हटलं की लगेच बोलतात. प्रश्न याच मापात विचारायचा, मग हळूहळू लांबवायचा.

गडबड अशी होते की दहावी झालेलं पोरगं मैदान धरतं आणि बारावी सोडून देतं. शिपाई भरतीला बारावी पास लागते, वय १८ पूर्ण लागतं, मुलांना उंची १६५ सेंमी, मुलींना १५५. सोळाव्या वर्षी रोज डांबरावर १० किलोमीटर मारून नडगी दुखवून घेतात आणि खरी भरती निघते तेव्हा पट्टी बांधून बसतात. आठवड्याला तीन दिवस धावणं, तेही मातीवर, आणि दोन दिवस बीजगणित, असं तक्त्यावर लिहूनच लावावं लागतं. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. गावात हलक्या दगडावर सराव केलेला गडी पहिल्याच फेकीला खांदा धरतो.

मानतात कोणाला? याच मैदानावरून लागलेल्या भाऊला. तो सुट्टीवर आला की सगळे त्याच्यामागे चकरा मारतात. मी भाऊला भाषण करू देत नाही. त्याला सांगतो, किती वेळा नापास झालास ते आकड्यात सांग.

मोठी नावं वापरायची तर मधली वर्षं भरायला लावावीत. कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेचं ऑलिंपिक पदक सगळ्यांना माहीत. वहीत ओळ आखायची: २००९ क्रीडा प्रबोधिनी, २०१५ रेल्वेची नोकरी, २०२४ कांस्य. मधे नऊ वर्षं रेल्वेतलं काम आहे, ते पोरांच्या गावीही नसतं. आष्टी तालुक्यातला धावपटू अविनाश साबळेही बारावीनंतर आधी लष्करात गेला, स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) नंतर.

ठिणगी (आयटीआय, वेल्डर)

आमच्याकडे आदर मागून मिळत नाही, आणि मिळतो तो पहिल्या पंधरवड्यातच. नव्या पोराचा रॉड (वेल्डिंगची काडी) जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, चिकटतो. करंट कमी ठेवलेला असतो किंवा रॉड घासण्याऐवजी टेकवलेला. चिकटलेला रॉड लाल व्हायला लागतो आणि पोरगं गांगरून दोन्ही हातांनी ओढतं. तेव्हा सरांनी होल्डर हातात घेऊन मनगटाच्या एका हिसक्यात तो सोडवायचा, ३.१५ मिमीच्या रॉडला करंट १००-११० अँपिअरवर आणायचा आणि आगपेटीची काडी ओढल्यासारखा आर्क (ठिणगी) लावून दोन इंचांची ओळ मारून दाखवायची. चिपिंग हॅमरनं स्लॅग (वरचा कडक थर) उडाला आणि खाली सारख्या खवल्यांची बीड (जोडाची ओळ) दिसली, की त्या दिवसापासून 'ओ सर'चं 'सर' होतं. ज्याला हे जमत नाही त्यानं नुसती शिस्त लावू नये, पोरं मागे नक्कल करतात.

भविष्याची दोनच उत्तरं: 'आखात' नाहीतर 'स्वतःचं शॉप'. शॉप म्हणणाऱ्याला कागद देऊन लागणाऱ्या वस्तू लिहायला सांगा. मशीन, ग्राइंडर, कटर फटाफट येतात. हमखास सुटतात ते गाळ्याचं डिपॉझिट, विजेचा मंजूर भार आणि उधारी. उधारीचा रकाना आपण आखून द्यायचा: गेट बसवलं गणपतीत, पैसे आले दिवाळीनंतर, तोवर पत्रा कशानं आणणार? हा कागद पुरा करणारं पोरगं स्वप्नाळू राहिलेलं नाही, समजा.

घरचं दुखणं वेगळंच. वेल्डर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. पालक विचारतात, कमी काळाचा म्हणजे कमी दर्जाचा का? पोरगं हे ऐकत असतं.

पट्टी-पेन्सिल (मुलींचं वसतिगृह, मराठवाडा)

मुलींकडे प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं असतात, एक घरच्यांसाठी आणि एक आपलं. दोन्ही लिहायला जागा द्यावी लागते. ३० सेंमीची कागदी पट्टी कापायची, ३-३ सेंमीचे दहा भाग, वय १५ ते २५. चार खुणा करायच्या: शिक्षण थांबणार, पहिला पगार, स्वतःच्या नावचं बँक खातं, लग्न. घरचे म्हणतात ते पेन्सिलीनं, मला वाटतं ते पेनानं. मग दोन खुणांमधलं अंतर फूटपट्टीनं मोजायचं. लग्नाच्या खुणांत ९ सेंमी फरक म्हणजे तीन वर्षांचं भांडण घरी वाट बघतंय. कागदी पट्टी मुलीकडेच राहू द्यायची, पण घरी नेऊ द्यायची नाही. दप्तरात सापडली तर तिलाच बोलणी बसतात.

लग्नाची पेन्सिलीची खूण १८च्या आत असेल तर गप्प बसायचं नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलांची हेल्पलाइन १०९८. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत दिवाळीच्या आधीचे दिवस नाजूक असतात, कारण मुलीला मागे कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न आईबापांनाही खराच पडलेला असतो.

मुली मानतात त्या नर्सबाई, एसटीच्या कंडक्टर ताई, आशाताई. विचारलं का, तर कारण पगाराचं नसतं. 'रात्रीच्या त्या एकट्या येतात.'

वाचनकट्टा (अभ्यासिका, पुणे)

थोडक्यात लिहितो. सतराव्या वर्षीच राज्यसेवेची पुस्तकं घेऊन येतात. परीक्षेला वय १९ लागतं आणि पदवी लागते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक, १७५० गुणांची, वर मुलाखत २७५. टॉपरचे व्हिडिओ पाहणाऱ्याला एकच काम द्या: शेजारच्या खुर्चीवरच्या दादाला तीन प्रश्न विचारून ये. कितवा प्रयत्न, मेस आणि खोलीचे महिन्याला किती, दुसरं हातात काय आहे. तिसऱ्याला दादा हसतो. पोरं परत येऊन त्या हसण्याबद्दलच बोलतात.

समुपदेशक_दुपारपाळी

'कल' हा शब्द जपून वापरा. बोर्डाची दहावीची कलचाचणी २०१६ पासून काही वर्षं झाली, पालक अजून तिच्याबद्दल विचारतात. कल म्हणजे ओढा, अभिक्षमता म्हणजे जमण्याची शक्यता. अहवालात 'कला' आलं म्हणून रडणारी आणि 'तांत्रिक' आलं म्हणून घरातून ढकलली गेलेली, दोन्ही प्रकारची मुलं समोर येतात. अहवाल मुलाला आधी द्या, पालकांना नंतर, मधे किमान एक दिवस.

दहावीच्या मुलासाठी भविष्य म्हणजे अकरावीचा ऑनलाइन अर्ज. १० पसंती भरता येतात आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्या हुकतात. पोरं पहिल्या क्रमांकावर मित्राचं कॉलेज टाकतात. अर्जाआधी एसटीचा पहिला आणि शेवटचा टाइम लिहून आणायला सांगा. यादी आपोआप बदलते.

खडूफळा यांच्या चिठ्ठ्यांबद्दल एक. अशाच चिठ्ठीवर 'पुढे काय?' विचारलं तर कधीतरी त्याखाली 'मी नसेन' असं लिहिलेली चिठ्ठी येते. नाव नसतं. अक्षर जुळवत बसू नका आणि वर्गात 'हे कोणी लिहिलं?' असं तर मुळीच विचारू नका. त्याच दिवशी, शेवटच्या तासाच्या आत, सगळ्या वर्गाला एकच गोष्ट सांगायची: प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत रोज ४ ते ५ कोणीतरी बसलेलं असेल, काम काय ते विचारलं जाणार नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, पुसायचा नाही. आणि ४ ते ५ खरंच बसायचं, पहिले आठ दिवस कोणी फिरकलं नाही तरी.