प्रतिसाद : नुसता केव्ही (व्होल्टेज) वाढवून उपयोग नाही

वर एकांनी म्हटलंय की कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमणीतून राख दिसायला लागली की ईएसपीचं (धुरातली राख विजेच्या जोरावर प्लेटवर ओढून धरणाऱ्या यंत्राचं) व्होल्टेज वाढवायचं, झालं काम. आपल्या कोळशाला हे चालत नाही हो. गंधक कमी, राख ३०-४० टक्के, त्यामुळे राखेचा विद्युतरोध भयंकर, प्लेटवरच्या राखेच्या थरातच डिस्चार्ज होऊन उलटा कोरोना (प्लेटच्या बाजूने उलट्या दिशेचा विद्युतस्राव) सुरू होतो आणि धरलेली राख परत उडते. भुसावळकडे कंट्रोल पॅनलवर ड्युटीला असताना हे बघितलंय, मिलिअँपिअर (करंट) चढतायत अन् केव्ही मात्र खाली येतोय!

अशा वेळी करंट कमी करायचा किंवा इंटरमिटंट मोड लावायचा, म्हणजे विजेचा एक हाफ सायकल (लहरीचा अर्धा भाग) जाऊ द्यायचा, पुढचे दोन-चार गाळायचे, विजेचीही चांगलीच बचत होते. ईएसपीला वीज देणारे नवीन हाय फ्रिक्वेन्सी सेट उत्तमच, पण अशा राखेवर त्यांनाही पल्सिंग (असंच थांबून थांबून वीज देणं) लावावंच लागतं.