‘सा’वरून विमान
(देशपांडे परिवार ग्रुप, बुधवार, रात्रीची जेवणं झाल्यावर)

मंजूताई: रोहन, रविवारी बारसं. पाळण्यावर लावायच्या अक्षरांची ऑर्डर उद्या द्यायची आहे. नाव कुठाय? शततारका, दुसरं चरण, अक्षर सा.

रोहन: ताई, विमानाशी नातं असलेलं हवंय एवढंच. आप्पांनी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात ३१ वर्षं मिग लढाऊ विमानांवर काम केलं. त्यांच्या नातीला तेवढं तरी.

निनाद: मग शमशेर ठेव. जग्वार लढाऊ विमानाचं आपल्याकडचं नाव. सा नाही, पण शपर्यंत पोचलो.

वसूकाकू: निनाद, मुलगी आहे ती.

निनाद: तीच तर गोची. तेजस, ध्रुव, रुद्र, प्रचंड, मरुत. एचएएलला सगळे मुलगेच झालेत. एक किरण तेवढं दोन्हीकडे चालतं.

मंजूताई: अक्षर सा आहे.

वसूकाकू: कनिष्का किती गोड! आमच्या सोसायटीत दोन आहेत.

आप्पा: नको.

आप्पा: एअर इंडियाच्या ७४७ विमानाचं नाव होतं कनिष्क. २३ जून १९८५. आयर्लंडजवळ हवेतच बॉम्ब फुटला. ३२९ माणसं गेली.

वसूकाकू: मला काय माहीत भाऊजी, मी आपलं सुचवलं. या घरात आमचं सुचवलेलं चालतंय कुठे.

मंजूताई: काकू, तसं नाही हो.

वसूकाकू: छे गं, मी काही म्हटलं का? पाळणा आमचाच नेताय ना? नीट आणून द्या म्हणजे झालं. मागच्या वेळी एक घुंगरू कमी आलं होतं.

रोहन: अवनी? २०१६ ला अवनी, भावना, मोहना या तिघी हवाई दलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या.

निनाद: अवनी म्हणजे पृथ्वी रे! नाव विमानावरून आणि अर्थ जमीन.

रोहन: उतरायला लागतेच की.

मंजूताई: सा. सा. सा. गाणं शिकवत नाहीये, अक्षर सांगतेय.

रोहन: मग सारसी? एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेच्या सारस विमानावरून.

आप्पा: २००९ ला बंगळूरजवळ चाचणीत पडलं ते. तिघे गेले.

निनाद: आप्पा, प्रत्येक नावाला अपघात काढलात तर बारसं पुढच्या वर्षी.

आप्पा: इन्स्पेक्शनला होतो मी. काय पडेल ते आधी बघायचं, हीच नोकरी.

रोहन: सरला ठकराल. १९३६ ला, २१ व्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवलं. घरी चार वर्षांची मुलगी.

मंजूताई: सा नाही, पण स आहे. गुरुजींना विचारते.

वसूकाकू: आमच्या वर्गात तीन सरला होत्या. आता कोण ठेवतं?

निनाद: आणि हवेत असताना इंधन सरलं म्हणजे?

वसूकाकू: घुंगराचं कुणी बोलत नाहीये.

आप्पा: सरलाबाईंचा नवरा १९३९ ला विमान अपघातातच गेला. त्या स्वतः २००८ ला गेल्या, ९३ व्या वर्षी. ठेवा.

रोहन: आप्पांनी पास केलं!!

गौरी: मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. मी तिला आठ दिवस सई म्हणतेय. बघते पण.

मंजूताई: अगं, सईचाही स!

रोहन: पण सईत विमान कुठाय?

गौरी: पहाटे तीनला उठ, दाखवते. रोज टेकऑफ असतो.

मंजूताई: उद्या ११ च्या आत सांगा. अक्षरामागे ४० रुपये घेतात त्या बाई. सई दोनच अक्षरं आहे, एवढंच म्हणते.

वसूकाकू: आणि घुंगरू?