अनुभव धागा : बाकी सगळे विषय नव्वदीपार, इंग्रजीतच गाडी अडते. तुमच्याकडे काय झालं?

धागाकर्ता (त्रिमूर्तीनगर)

लेकीचा दहावीचा निकाल लागला. गणित ९७, विज्ञान ९५, संस्कृत ९९, सामाजिक शास्त्रं ९६, मराठी ९१. आणि इंग्रजी ७१. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये इंग्रजी आपोआप गळालं, टक्के लागले ९५.६. घरी संत्रा बर्फी आली, काकू-आत्यांचे फोन झाले. पोरगी मात्र मोबाइलवर निकालाचं तेच पान खालीवर सरकवत बसली होती. शेवटी म्हणाली, "बाबा, बर्फी पाच विषयांची आहे ना? सहाव्याचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अभ्यास कमी पडला म्हणावं तर इंग्रजीची शिकवणी गणिताच्या आधीपासून सुरू होती. गाइड पाठ, मागच्या वर्षांचे पेपर सोडवलेले. मग जातं कुठे?

ज्यांच्या घरी, वर्गात किंवा स्वतःच्या बाबतीत असं झालंय त्यांनी लिहा. "रोज इंग्रजी पेपर वाचा" हा सल्ला मिळालेला आहे, तेवढा सोडून.

लाल पेनवाला

मी इंग्रजीचाच मास्तर. नागपूरच्या महाल भागातल्या एका मराठी शाळेत ३२ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. तुमच्या मुलीचा पेपर न पाहता सांगतो, अक्षर मोत्यासारखं असणार, समास आखलेला असणार आणि एकही प्रश्न सुटलेला नसणार. असे पेपर गठ्ठ्यात लगेच ओळखू येतात. मार्कही त्यांचेच सगळ्यात अनपेक्षितपणे जातात.

एक सराव परीक्षा आठवते. कविता मुक्तछंदातली होती, यमकाचा पत्ता नाही. रसग्रहणात यमकरचना लिहायची होती. वर्गातल्या पहिल्या पाचांपैकी चौघांनी लिहिलं, 'ए-ए-बी-बी'. का? गाइडमध्ये रसग्रहणाचा जो साचा होता त्यात तसं होतं. पाचवा शेवटच्या बाकावर बसायचा आणि पहिल्या पाचांत कसा आला याचं मलाच नवल होतं. त्यानं लिहिलं, कवितेत यमक सापडलं नाही. पूर्ण मार्क त्याला एकट्याला.

दुसरी गोष्ट. उताऱ्याच्या शेवटी स्वतःचं मत विचारतात. तिथे हुशार पोरं उताऱ्यातलंच एक लांब वाक्य उचलून ठेवतात. एका मुलीला मी विचारलं, बाई गं, तुला काय वाटतं ते का नाही लिहिलंस? ती गणितात शंभराची मुलगी. म्हणाली, "सर, पण याचं बरोबर उत्तर काय आहे?"

मी त्या दिवशी घरी जाताना गांधीसागर तलावाच्या पाळीवर जरा बसलो. आपणच तिला दहा वर्षं शिकवलं होतं की प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं, ते कुठेतरी छापलेलं असतं आणि लवकर पाठ करणारा हुशार. त्या जोरावर पाच विषय निघतात. सहाव्यात प्रश्नच असा येतो की उत्तर छापलेलं नाही.

जाता जाता एक. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. मी दोन्ही बॅचेस शिकवल्या. जुन्यांचं व्याकरण पक्कं, तोंड बंद. नव्यांचं तोंड उघडलं, पण वाक्य लिहायला सांगितलं की क्रियापद हरवतं. कोणती बॅच बरी, यावर आमच्या स्टाफरूममध्ये चहा थंड होईस्तोवर भांडणं व्हायची.

काटोलचा, आता मिहानात

सरांचं "साचा" वाचून माझी जखम उघडली. झेडपी शाळा, मग नागपुरात सायन्स, मग इंजिनीअरिंग. कधी पहिल्या तिनाच्या बाहेर गेलो नाही. बाहेरच्या मास्टर्ससाठी आयईएलटीएस, म्हणजे परदेशी विद्यापीठांना लागणारी इंग्रजीची परीक्षा, दिली. नऊपैकी वाचन ८, ऐकणं साडेसात, बोलणं साडेसहा, लेखन साडेपाच. विद्यापीठाला प्रत्येकात किमान साडेसहा हवे होते.

लेखनाला एक तास असतो. पहिल्या भागात आलेख बघून १५० शब्द, दुसऱ्या भागात एखाद्या विषयावर २५० शब्द. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. हे मला माहीत होतं. तरी समोर आलेख आला आणि माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. प्रत्येक वर्षाचा, प्रत्येक रेषेचा आकडा लिहिला. ३५ मिनिटं गेली. विचारलं होतं ते एवढंच, की मुख्य बदल काय दिसतो. तो मी लिहिलाच नाही. बाकीच्या २५ मिनिटांत निबंधाला पाठ केलेली सुरुवात चिकटवली, तीच ती, 'हा आजच्या काळातला अत्यंत वादाचा विषय आहे' छापाची. तपासणाऱ्यानं त्या महिन्यात ती किती वेळा वाचली असेल देव जाणे.

ऐकण्यातही एक मार्क असाच गेला. 'अकोमोडेशन' हा शब्द नीट ऐकला, लिहिताना एकच एम लावला. स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक. अर्थ कळला होता हे कोणाला सांगणार?

दुसऱ्या वेळी धरमपेठेतल्या एका मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिले दहा दिवस इंग्रजी लिहूच दिलं नाही. विषय द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुझं म्हणणं मराठीत दोन ओळींत सांग." मला सांगताच येईना! इंग्रजीची गोष्ट नंतरची, मला त्या विषयावर काही म्हणायचंच नव्हतं. लेखनात साडेसहा मिळाले, गाडी निघाली.

फक्त वाचणारा

७१ म्हणजे काय नापास झाली का? मला १९८९ ला ३५ होते, तेही गुरुजींच्या कृपेनं. तेव्हा घरी पेढे वाटले होते. पोरीला बर्फी खाऊ द्या.

सदरची आई

आमची उलटी तऱ्हा. मुलगा पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात, फाडफाड बोलतो, त्यामुळे आम्ही इंग्रजीकडे कधी बघितलंच नाही. नववीत गणित ९४, इंग्रजी ६८. पेपर बघितला तर तीन मार्कांच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर. विचारलं तर म्हणे, "अगं आई, ते तर ऑब्व्हियस आहे." 'यू'च्या जागी नुसतं एक अक्षर, पूर्णविरामाचा पत्ता नाही, सगळं एका परिच्छेदात. बोलता येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाळिशीत कळलं. आणि खरं सांगू का, घरी मराठी, ग्राउंडवर हिंदी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे फाडफाड बोलतो तेही तिन्हीची मिसळच आहे. वर्गात खपते, कागदावर उघडी पडते.

वऱ्हाडी पोट्टी

माह्यावालं ऐका. आमच्या घरी वऱ्हाडी बोलतात. "तू काय करून राहिली?" "मी जेवून राहिली." आमचं अर्धं आयुष्य 'राहिली'वर चालते. मग इंग्रजीत काय व्हायचं? मले समजून राहिलं, तर 'आय ॲम अंडरस्टँडिंग'. मले आवडून राहिलं, तर 'आय ॲम लायकिंग'. बाईनं लाल रेघ मारली की मले वाटे, आयएनजी तर बरोबर लावलं ना! आपल्या बोलीत जे कोणत्याबी क्रियापदाले चालते ते इंग्रजीत 'नो' (ठाऊक असणं), 'लाइक', 'अंडरस्टँड' असल्या शब्दायले चालत नाही, हे मले थेट बीएच्या दुसऱ्या वर्षाले कळलं. तोपर्यंत कोणी सांगितलंच नाही काऊन चुकते ते. नुसतं 'चूक' सांगे.

तसंच 'मले ताप आला'. आठवीत मी लिहिलं, 'फीवर केम टू मी'. अख्खा वर्ग हसला. मराठीत ताप येतोच ना बाप्पा, आपण थोडीच त्याले आणायले जातो!

'अ' आन 'द' चं तं बोलूच नका. आपल्या भाषेत त्यायचं काहीच नाही, तं कुठं लावा न कुठं नाही हे कानाले कळणार कसं? मी अंदाजानं टाकायची, भाजीत मीठ टाकल्यावानी.

इतिहासात मी कॉलेजात पहिली आली. इंग्रजीत काठावर. आता मीच शिकवते, आन पयल्या दिवशी फळ्यावर 'करून राहिलो' लिहिते.

बारावी झाली एकदाची

आमच्या बॅचमध्ये इंग्रजीचा अभ्यास करणं म्हणजे चेष्टेचा विषय होता. सकाळपासून क्लास, कॉलेज फक्त प्रॅक्टिकलपुरतं. फेब्रुवारीत बोर्डाचा पहिलाच पेपर इंग्रजीचा आणि आदल्या रात्री पुस्तक पहिल्यांदा नीट उघडलं. शेवटच्या बाजूला मुलाखतीचे प्रश्न, माइंड मॅप, ग्रुप डिस्कशन, असं काय काय होतं. मला वाटलं होतं धडे आणि कविता असतील.

मार्क : फिजिक्स ७७, केमिस्ट्री ७२, मॅथ्स ८४, आयटी ९४, इंग्रजी ५०. बेरीज ३७७, म्हणजे ७५.४ टक्के. आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात आणि त्या पाच विषयांत एक भाषा धरतात. मी मराठी सोडून आयटी घेतलं होतं, म्हणजे भाषा एकच, इंग्रजी. तिथे तीन मार्क कमी पडले असते तर ३७४. वरच्या २० पर्सेंटाइलचा, म्हणजे आपल्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत असण्याचा, दुसरा दरवाजा असतो, पण त्याच्या भरवशावर कोण झोपणार? मी त्या आठवड्यात झोपलो नाही. नीटवाल्या मित्रांचंही तसंच, इंग्रजीचे मार्क मेरिटला धरत नाहीत पण त्यात पास व्हावंच लागतं.

विशेष शिक्षिका, नंदनवन

थोडं वेगळं लिहिते, कारण वर कोणी यावर बोललं नाही. हे सगळ्या मुलांना लागू नाही, हे आधीच सांगते.

सहावीतला एक मुलगा. तोंडी गणितात मला हरवायचा. मराठी वाचन जरा सावकाश, पण चालून जायचं. इंग्रजीत धडाधड नापास. आईवडिलांनी शिकवणी बदलली, मग परत शिकवणी बदलली, मग आळशी म्हणून मोबाइल काढून घेतला. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला एक चित्र दाखवून सांगायला लावलं. 'एनॉर्मस' हा शब्द त्यानं सहज वापरला. मग तेच लिहायला दिलं. त्यानं 'बिग' लिहिलं. विचारलं, का रे? तर खाली मान घालून म्हणाला, "तो लिहिता येत नाही, म्हणून छोटा घेतला."

देवनागरीत बहुतेक जसं बोलतो तसं लिहितो. त्यामुळे वाचन-लेखनातली अडचण मराठीत झाकली जाते. इंग्रजीत 'नाइफ' के पासून सुरू होतो, तिथे ती उघडी पडते. तपासणीत त्याला अध्ययन अक्षमता निघाली. प्रमाणपत्र झालं, परीक्षेत जादा वेळ मिळू लागला. मार्क लगेच वाढले नाहीत. पण तो आता 'एनॉर्मस' लिहितो, चुकीच्या स्पेलिंगनं का होईना. मी त्याला बरोबरची खूण करते. मुख्याध्यापकांना ते पटत नाही.

यूपीएससीचा तिसरा अटेम्प्ट

मेन्समध्ये इंग्रजीचा एक सक्तीचा पेपर असतो, ३०० मार्कांचा. मेरिटला धरत नाहीत, फक्त २५ टक्के हवेत. ते नाही पडले तर बाकीचे पेपर विचारातच घेत नाहीत. आमच्या लायब्ररीत सगळे त्याला हसायचे. मग सारांशलेखनाचा सराव घेतला तर दिलेल्या उताऱ्याचा तिसरा हिस्सा करायचा असताना आमचा सगळ्यात अभ्यासू भाऊ तेवढाच लांब लिहून आला. म्हणे, "काय सोडू? सगळंच महत्त्वाचं आहे." आता त्याला रोज एक अग्रलेख तीस शब्दांत करायची शिक्षा आहे.

धागाकर्ता (त्रिमूर्तीनगर)

सगळ्यांचे आभार. लाल पेनवाले सर, तुमचा अंदाज समासापर्यंत बरोबर निघाला. आम्ही उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती, काल आली. जेवणं झाल्यावर दोघं घेऊन बसलो.

व्याकरणाच्या प्रश्नात 'हॅज' लिहिलेलं, ते खोडून 'हॅव', मग तेही खोडून 'हॅड'. पहिलं बरोबर होतं. पुढच्या पानावर तेच. आम्ही मोजलं, अकरा ठिकाणी खाडाखोड, त्यातली सात आधी बरोबर होती. गणिताच्या पेपरात ती एकदाही खोडत नाही.

आणि मतप्रदर्शनाचा प्रश्न. नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या शाळा उशिरा उघडतात यावर तिनं काहीतरी सुरू केलं होतं. दीड ओळ होती, चांगली होती, थोडी गमतीची. त्यावर आडवी रेघ, आणि खाली उताऱ्यातलं एक वाक्य सुवाच्य अक्षरात.

मी विचारलं, हे का खोडलंस? ती म्हणाली, "ते माझं होतं ना."